बरे होणे आणि बरे वाटणे

मराठीतील ‘बरे’ हा शब्द दिसावयास साधा; परंतु रोग्याच्या खाटेपाशी चार दिवस काढले म्हणजे त्याच्या दोन निराळ्या वाटा दिसू लागतात. ‘बरे होणे’ ही एक आणि ‘बरे वाटणे’ ही दुसरी. प्रकृती ठणठणीत असताना या दोहोंतील अंतर कोणी मोजीत नाही. सर्दी झाली, काढा घेतला, बरे वाटले आणि बरेही झाले. दोन्ही कामे एका दिवसात उरकली. पण काही दुखणी अशी असतात की त्यांत बरे होण्याची वाट बंद झालेली असते आणि बरे वाटण्याची मात्र उघडी असते. ती उघडी आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असावे अशी आपली अपेक्षा, त्यांतीलही काही जण ते बोलून दाखवीत नाहीत. आमच्या घरी २०२३ साली जे घडले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले ते याचसाठी.

देपालपुर हे इंदूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. इंदूरपासून सुमारे ४० किलोमीटर. परमार राजा देवपाल याचे नाव ते मिरविते, आणि जवळचा विस्तीर्ण तलावही त्यानेच बांधविला असे जुने लोक सांगत आले आहेत. आमचे पूर्वज होळकरशाहीत दप्तराच्या कामाने येथे आले आणि येथलेच होऊन गेले. घरात मराठी, ओटल्यावर माळवी आणि कचेरीत हिंदी असा आमचा तीन भाषांचा दिवस असतो. आमचे थोरले काका, ज्यांना सारा गाव दादा म्हणे, सहकारी सोसायटीत हिशेबनीस होते. निवृत्त होऊन वीस वर्षे झाली तरी हिशेबाची सवय सुटली नव्हती. दुधाच्या रतिबापासून पाहुण्यांसाठी आणलेल्या शेवेपर्यंत सारे काही रात्री वहीत उतरल्याखेरीज त्यांस झोप येत नसे.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. ७८ वर्षांच्या दादांचे जेवण त्या दिवसांत एकाएकी कमी झाले. चार घास घेतले की पोट भरल्यासारखे वाटे. दादांनी ते उपवासांवर लोटले. मग अंगरखा सैल होऊ लागला, जिना चढताना धाप लागू लागली, आणि भाद्रपदाच्या आरंभी एके सकाळी ते न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, हे तेव्हा कळले. जठरात रक्तस्राव होऊ लागला की ते रक्त आतड्यांतून खाली उतरता उतरता काळे पडते. लाल रक्त दिसत नाही म्हणून रोग्याला आणि घरच्यांना त्याचा सुगावा लागत नाही. इंदूरला नेले. हिमोग्लोबिन सहाच्याही खाली आले होते. रक्त चढविले, घशातून दुर्बीण घालून पाहिले, तुकडा तपासावयास पाठविला. जठराच्या भिंतीवर व्रण पडलेली मोठी गाठ होती आणि सी. टी. स्कॅनमध्ये यकृतावरही तिचे ठिपके दिसले. जठराचा कर्करोग, पसरलेला. शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची वेळ निघून गेली होती.

पुढच्या तीन आठवड्यांत दादांना पाच बाटल्या रक्त द्यावे लागले. रक्त चढले की दोन-तीन दिवस चेहरा उजळे, बोलणे स्पष्ट होई; पुन्हा तोंड पांढरे, पुन्हा धाप, पुन्हा इंदूरची वाट. ज्या डॉक्टरांकडे प्रथम गेलो होतो त्यांनी शेवटी आम्हांस बाजूला घेऊन सांगितले, “आता करण्यासारखे काही राहिले नाही. घरी न्या, सेवा करा.” हे वाक्य आपल्याकडे किती घरांनी ऐकले असेल! ते कठोरपणे उच्चारलेले नसते. बहुधा हलक्या आवाजात, खांद्यावर हात ठेवूनच उच्चारलेले असते. पण त्यात एक घोटाळा आहे. रोग नाहीसा करण्यासारखे काही राहिले नाही हे खरे असते. रोग्यासाठी करण्यासारखे काही राहिले नाही हे बहुतेक वेळा खरे नसते. पहिल्या वाक्यावरून दुसरे वाक्य आपोआप निघते असे आपण धरून चालतो, आणि रोगी घरी येतो.

घरी आमच्यात दोन तट पडले. पुण्याच्या आत्याचे म्हणणे, मुंबईस टाटा रुग्णालयात न्यावे. १९४१ पासून सारा देश तेथे जातो, आपणच का मागे राहावे? अमेरिकेतील भाचा रोज रात्री फोनवर नवनवीन औषधांची नावे सांगे. काकूंचे म्हणणे एवढेच होते की त्यांना आता सुया टोचू नका. आणि दादांना काय सांगावयाचे हा प्रश्न तर कोणी उघडपणे काढलाच नाही. ‘अल्सर आहे’ असे काहीतरी मोघम बोलून सारे जण त्यांच्या नजरेला नजर देणे टाळीत होते. केमोथेरपीचा विचार झाला. पण खाटेवरून उठवत नाही अशा देहाला ती पेलणार नाही, आणि वाहते रक्त थांबविणे ही आजची निकड आहे, असे दुसऱ्या तज्ज्ञांचे मत पडले. त्यांनीच किरणोपचाराचे नाव काढले.

किरणोपचार म्हटले की आपल्याकडे दोन शब्द चटकन पुढे येतात. महाराष्ट्रातील नातेवाईक ‘लाईट देणे’ म्हणतात, आमच्या माळव्यात ‘सिकाई’ म्हणतात. दोन्ही शब्दांत भीती भरलेली आहे. सिकाई म्हटली की माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा शेकून निघणार असे वाटते. आत्यांनी फोनवर विचारले, “बरे होणार नसतील तर या वयात त्यांना भाजून कशाला काढता?” प्रश्न तिखट होता, पण रास्त होता, आमच्याही मनात तोच होता.

त्याचे उत्तर इंदूरच्या किरणोपचार विभागातील डॉक्टरबाईंनी दिले. त्या मराठी बोलणाऱ्या होत्या, हा योगच म्हणावयाचा. त्यांनी आमच्याशी न बोलता प्रथम खुर्ची ओढून दादांशीच बोलावयास सुरुवात केली. “काका, तुम्हांला काय झाले आहे ते ठाऊक आहे का?” खोलीत आम्ही चौघे होतो, चौघांचेही श्वास अडकले. दादा म्हणाले, “नाव कोणी घेत नाही, त्यावरूनच ओळखले.” मग त्यांनी विचारले, “बाई, मुद्दल फिटणार नाही हे मला समजले. व्याज थांबेल का?”

बाई क्षणभर थांबल्या, मग त्यांनीही त्याच भाषेत उत्तर दिले. “काही काळ थांबेल. तुम्ही बरे होणार नाही. पण बरे वाटेल, अशी आशा आहे. खात्री नाही.” वीस-बावीस दिवस आम्ही ज्या गोष्टीभोवती घिरट्या घालीत होतो ती दोन वाक्यांत उलगडली, आणि दादांचा चेहरा पडण्याऐवजी मोकळा झाला. त्या दिवसापासून घरात कुजबुज थांबली.

त्यांनी जे समजावून सांगितले ते थोडक्यात असे. गाठीवर पडलेल्या व्रणातील बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ असतात आणि त्या झिरपत राहतात. किरणांच्या माऱ्याने या वाहिन्यांच्या आतल्या अस्तरास इजा होते, त्या आकसतात, त्यांत रक्त गोठते. शिवाय गाठीच्या पृष्ठभागावरील पेशी मरू लागतात आणि व्रण कोरडा पडू लागतो. हे एका दिवसात होत नाही. काहींना चार-पाच दिवसांत, पुष्कळांना आठवड्या-दोन आठवड्यांत उतार पडतो. रोग समूळ काढण्याच्या हेतूने किरण देतात तेव्हा ते पाच-पाच आठवडे चालते. येथे हेतू मर्यादित, म्हणून मात्राही मर्यादित. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे ते नाव. दादांसाठी पाच दिवसांत मिळून २० ग्रे ठरले. कोणास दहा दिवसांत ३०, तर फारच थकलेल्या रोग्यास एकाच बैठकीत ८ ग्रे देऊनही काम भागवितात. मात्रा जास्त म्हणजे गुण जास्त, असे या बाबतीत आढळलेले नाही. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २०१७ साली निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांतही थोड्या मात्रेने रक्त थांबण्याचे प्रमाण मोठ्या मात्रेहून कमी पडलेले दिसले नाही. त्याच पाहणीत रक्तस्रावाला उतार पडलेल्यांचे प्रमाण शेकडा ७४, वेदनेला ६७ आणि अन्न अडण्याला ६८ असे निघाले. म्हणजे चारांतील तिघांना गुण, एकाला नाही. बाईंनी हा चौथा माणूस आमच्यापासून लपविला नाही, याचे आम्हांस विशेष वाटले.

घरी परतताना दादांनी ‘व्याज थांबविण्याची’ ही कल्पना मोठ्या आवडीने घोळविली. आमच्या शेजारचे वैद्यबुवा भेटावयास आले तेव्हा त्यांनी तिला जुने नाव दिले. चरकाने रोगांची साध्य आणि असाध्य अशी वाटणी केली, पण असाध्यांचे पुन्हा दोन भाग पाडले. ज्यापुढे हात टेकावयाचे तो एक. आणि जो जात नाही परंतु उपचाराने आटोक्यात ठेवता येतो तो दुसरा, त्याचे नाव ‘याप्य’. सुश्रुताने अशा रोग्यावरील उपचाराला पडत्या घराला नीट बसविलेल्या टेकूची उपमा दिली आहे. आमच्याच गल्लीत मातीच्या भिंतीला सागवानी टेकू देऊन उभी असलेली तीन घरे आहेत आणि त्यांत माणसे राहतात. असाध्य या एका शब्दावर न थांबता त्याच्या आत आणखी एक खोली आहे हे आपल्या पूर्वजांना दिसले होते. तो शब्द आपण वैद्यकाच्या पोथ्यांत ठेवून दिला आणि रोजच्या बोलण्यातून घालविला, ही मात्र खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

किरणोपचाराचा इतिहास पाहू जाता आणखी एक नवल हाती लागले. रोंटगेन यास क्ष-किरणांचा शोध लागला तो १८९५ च्या नोव्हेंबरात. पुरते आठ महिने होताहेत तोच, १८९६ च्या जुलैत, फ्रान्समधील ल्यों शहरी व्हिक्टर देस्पेन्य नावाच्या डॉक्टराने ते किरण एका ५२ वर्षांच्या रोग्याच्या पोटावर सोडले. रोग कोणता? जठराचा कर्करोग. यंत्र कसले, मात्रा किती, काहीच ठरलेले नव्हते. रोग्याच्या वेदना कमी झाल्या, गाठही लहान झाल्यासारखी वाटली, आणि त्याच महिन्यात तो वारला. किरणांनी कर्करोगावर उपचार केल्याच्या जगातील अगदी पहिल्या नोंदींत ही नोंद मोडते. तो खरोखर जठराचा कर्करोगच होता की दुसऱ्या जातीची गाठ, याविषयी पुढील काळात शंका घेतली गेली, ते असो. पण या विद्येचा आरंभच मुळी बरे होण्यात नव्हे तर बरे वाटण्यात झाला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

दिवस ठरविण्याची वेळ आली आणि घरात नवीच अडचण उभी राहिली. पितृपक्ष लागला होता. “या पंधरवड्यात नवीन उपचार सुरू करू नयेत, घटस्थापनेनंतर पाहू,” असे भाऊबंदांतील वडीलधाऱ्यांचे मत पडले. घटस्थापनेला दहा-बारा दिवस होते. त्या दहा-बारा दिवसांत आणखी किती रक्त द्यावे लागले असते कोण जाणे. तोड दादांनीच काढली. “पितर आपलेच आहेत,” ते म्हणाले, “ते माझी गाडी अडवणार नाहीत. आणि अडवलीच तर मी बोलतो त्यांच्याशी. लवकरच भेट व्हायची आहे.” हसावे की डोळे पुसावे हे कोणास कळेना, पण वाद मिटला.

५ ऑक्टोबरला आखणी झाली. तीन तास उपाशी ठेवून, पाठीवर निजवून सी. टी. काढला. जठर ही एक पिशवी आहे. भरली तर फुगते, रिकामी असली तर आकसते. आखणीच्या दिवशी तिचा जो आकार असेल तोच रोज असावा म्हणून रोज उपाशीपोटी जावयाचे. शेजारी यकृत, मूत्रपिंडे आणि मागे मज्जारज्जू. त्यांना शक्य तितके सांभाळून किरणांच्या दिशा ठरवितात. पोटावर मोहरीएवढे तीन ठिपके गोंदवून घेतले. काकूंना ते पाहून हसू आले, त्या म्हणाल्या, “माझ्या कपाळावर एकच होतं, यांना तीन!” त्यांच्या पिढीच्या पुष्कळ बायकांप्रमाणे त्यांच्याही कपाळावर लहानपणी गोंदलेले आहे.

९ तारखेच्या सोमवारपासून १३ तारखेच्या शुक्रवारपर्यंत पाच बैठका झाल्या. रोज जाऊन येऊन ८० किलोमीटरचे हेलपाटे नकोत म्हणून तेवढे दिवस रामबागेत भाचीकडे मुक्काम केला. रस्त्याने जाताना दोहों बाजूंस सोयाबीनची कापणी झालेली, कुठे खळी चालू. दादा मागच्या सीटवर आडवे पडून कोणाच्या शेतात किती उतारा पडला असेल याचे अंदाज सांगत होते.

यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण निम्मी भीती त्याचीच असते. पूर्वी कोबाल्ट या किरणोत्सर्गी धातूच्या यंत्राने किरण देत. पुष्कळ ठिकाणी आजही देतात. दादांसाठी होता तो विद्युत्‌शक्तीवर चालणारा प्रवेगक. इंदूरकरांना या शब्दाचे नावीन्य वाटावयास नको. १९८४ साली येथे स्थापन झालेल्या आणि आज राजा रामण्णा यांचे नाव धारण करणाऱ्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस’ नावाचे दोन प्रचंड प्रवेगक आहेत. रुग्णालयातील यंत्र हे त्या कुळातले धाकटे भावंड. त्यात इलेक्ट्रॉनांना प्रकाशाच्या वेगाजवळ नेऊन टंगस्टनच्या पत्र्यावर आदळवितात आणि त्यातून जोरकस क्ष-किरण निघतात. वीज बंद केली की किरण बंद. रोग्याच्या अंगात काहीही मागे राहत नाही. हे आवर्जून लिहिण्याचे कारण असे की रामबागेत शेजारच्या एका गृहस्थांनी ‘लहान मुलांना आठवडाभर आजोबांजवळ जाऊ देऊ नका’ असा सल्ला दिला होता. डॉक्टरबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मांडीवर बसू द्या की!” संध्याकाळी भाचीची पाच वर्षांची मुलगी दादांच्या कुशीत बसून पाढे म्हणत होती.

बैठक म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचे काम. जाड भिंतींच्या खोलीत रोग्याला एकट्याला निजवितात, बाकीचे बाहेर पडद्यावर पाहतात. काही दुखत नाही, शेकत नाही, भाजत तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर दादांनी विचारले, “सुरू कधी करणार?” त्रास होतो तो नंतर. जठरावर किरण पडले की मळमळते. म्हणून तासभर आधी उलटीची गोळी देतात. ती देऊनही मंगळवारी आणि बुधवारी दादांना उलट्या झाल्या आणि गुरुवारी इतका थकवा आला की ‘उद्याचे राहू द्या’ असे ते बोलून गेले. रात्री पेज पिऊन झोपले आणि सकाळी स्वतःच टोपी घालून तयार होऊन बसले. शनिवारी सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी दुपारी आम्ही देपालपुरास परतलो.

त्या पाच दिवसांत बाहेरच्या बाकांवर जी माणसे भेटली त्यांतील एकाचे सांगितले पाहिजे. धार जिल्ह्यातील एक शेतकरी आपल्या वडिलांना उचलून घेऊन आला होता. म्हातारबुवांची शुद्ध मधूनमधून हरपत होती, अन्न सुटून आठवडा झाला होता. त्यांना डॉक्टरबाईंनी किरण दिले नाहीत. किरणांचा गुण यावयास निदान आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवसच ज्याच्यापाशी नाहीत त्याला यंत्राखाली निजवून काय साधावयाचे, असे त्यांनी मुलाला समजाविले, वेदनेचे औषध दिले, ते कसे द्यावयाचे हे दोनदा वदवून घेतले आणि गाडीची व्यवस्था करून घरी पाठविले. ‘घरी न्या’ हेच शब्द त्यांनीही उच्चारले. पण आम्ही ऐकले होते त्यात आणि यात केवढा फरक! तेथे दार लावून घेतले होते. येथे हातात औषध आणि ते देण्याची रीत होती.

आता दादांचे काय झाले ते. परत आल्यावर पहिले चार दिवस काहीच पालटले नाही. नवरात्राच्या पाचव्या माळेला शौचाचा रंग पिवळट झाला. काकूंनी ही बातमी आम्हां सर्वांना ज्या आनंदाने सांगितली, त्या आनंदाने घरात परीक्षेचे निकालही कोणी सांगितले नसतील. दसऱ्यानंतर रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठाच्या वर टिकून होते, आणि पुढे दोन महिने रक्ताची एकही बाटली लागली नाही. जेवण वाढले असे म्हणता येणार नाही. पण दोन-दोन तासांनी चार चमचे मेतकूट-भात, कधी साबुदाण्याची पेज, कधी कुस्करलेला बाफला डाळीत भिजवून, असे पोटात राहू लागले. भिंतीला धरून ते ओटल्यापर्यंत येऊ लागले.

वेदना मात्र किरणांनी पुरती गेली नाही, निम्मी राहिली. तिच्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि येथे माळव्यातल्या माणसाने थोडे थांबून विचार करावा असे काही आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई आणि इंदूर ही तिची नामांकित पेठ होती. आजही नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने खसखशीचे मळे पिकतात आणि नीमचला अफूचा सरकारी कारखाना आहे. ज्या झाडाच्या चिकापासून मॉर्फिन निघते ते आमच्या मातीत वाढते, आणि आमच्याच गावच्या रोग्यांना ते मिळत नसे. १९८५ च्या कायद्याने अमली पदार्थांवर जे कडक निर्बंध आले त्यांत औषधही अडकले. परवान्यांच्या कटकटीला कंटाळून दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा बदलून वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अशा औषधांची वाट सोपी केली, परंतु बाजारातील भीती कायद्याइतक्या लवकर बदलत नाही. दादांच्या गोळ्यांसाठी आम्हांला दर पंधरवड्याला इंदूरलाच जावे लागले. ‘याची चटक लागेल’ असे सांगणारेही भेटले. कर्करोगाच्या वेदनेसाठी ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनची चटक क्वचितच लागते. त्याने बद्धकोष्ठ मात्र हटकून होते आणि रेचक बरोबर द्यावेच लागते. ७८ वर्षांच्या माणसाला सरणाच्या वाटेवर चटक लागण्याची चिंता वाहणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

मुंबईच्या वांद्र्यास १९८६ साली ‘शांती आवेदना सदन’ निघाले, देशातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. तेव्हापासून या विद्येने मोठ्या शहरांत बरीच मजल मारली आहे. तालुक्याच्या गावी अजून घरच हे शुश्रूषागृह आणि सुना-लेकीच परिचारिका. काकू आणि आमच्या वहिनी यांनी गोळ्यांच्या वेळा भिंतीवर खडूने लिहून ठेविल्या होत्या. रात्री दोनची गोळी एकदाही चुकली नाही.

दिवाळीत फराळाच्या ताटातले दादांनी चकलीचे टोक तेवढे चाखले. दिवाळीनंतर गौतमपुऱ्याच्या हिंगोट युद्धात यंदा कोणाची सरशी झाली याची हकिकत त्यांनी दुधवाल्याकडून सविस्तर ऐकून घेतली. १७ नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते. घरबसल्या मत देण्याची सवलत ८० वर्षांवरील मंडळींना होती. दादांना दोन वर्षे कमी पडत होती, याचे त्यांना वाईट वाटण्याऐवजी बरेच वाटले असावे. खुर्चीत बसवून चौघांनी केंद्रापर्यंत नेले. बोटाची शाई ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवीत होते. शेताच्या खात्यातील एक जुनी चूक त्यांनी त्याच महिन्यात पटवाऱ्याला घरी बोलावून दुरुस्त करून घेतली, धाकट्या भावाशी दहा वर्षे अडलेले बोलणे सुरू केले, आणि काकूंना बँकेच्या पासबुकातील नोंदी वाचावयास शिकविले. काकू आधी म्हणत, “मला काय करायचंय ते शिकून?” दादा म्हणत, “मला जे करता येणार नाही ते.”

डिसेंबरच्या अखेरीस रक्त पुन्हा झिरपू लागले. डॉक्टरबाईंनी सांगितले की दादांची इच्छा असेल तर एका बैठकीचा किरणोपचार पुन्हा करून पाहता येईल. गुण येईलच असे नाही. दादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आता नको. रामबागेत जाऊन यायचे त्राण नाही, आणि तुमचे व्याजही पुष्कळ थांबले.” आम्हांपैकी कोणीही त्यांना आग्रह केला नाही. एक बाटली रक्त देऊन धाप कमी केली, मॉर्फिनची मात्रा वाढविली. संक्रांतीला तिळगुळाचा कण जिभेवर ठेविला. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, पहाटे, माजघरात, काकू उशाशी असताना ते गेले.

दिवस झाल्यावर त्यांची हिशेबाची वही काढली. ऑक्टोबरच्या पानावर पाच दिवसांचा हिशेब होता: रिक्षा, औषध, बाहेर थांबणाऱ्यांसाठी पोहे-जिलबी, धारच्या त्या शेतकऱ्याला पाजलेला चहा. पानाच्या उजव्या बाजूस उभी रेघ मारून त्यांनी ‘रक्त’ असा निराळा रकाना पाडला होता आणि दर रविवारी त्यात आकडा भरला होता. सप्टेंबरच्या ओळींत दोन, एक, दोन. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक. मग ओळीने अकरा शून्ये, प्रत्येक शून्य नीट गोल काढलेले. मग शेवटचा एक. त्याच्या खाली, काकूंच्या नवशिक्या अक्षरात, बटाट्याच्या बियाण्याची उसनवारी फेडल्याची नोंद आहे.